रेकॉर्डिंगनंतरचे काम

तास रेकॉर्ड केला, फाइल कुठेतरी चढवली, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली, की काम झाले असे आपल्या बहुतेक महाविद्यालयांत समजले जाते. या पुस्तिकेचा सगळा रोख त्या समजुतीविरुद्ध आहे. खरे काम लिंक टाकण्याच्या आधी थोडे आणि नंतर बरेच असते. व्हिडिओला सापडेल असे नाव द्यायचे, तो कोणी पाहावा आणि कोणी पाहू नये हे ठरवायचे, ज्याला ऐकू येत नाही त्यालाही तो कळेल अशी सोय करायची, अभ्यासक्रम बदलला की तो बदलायचा आणि त्याचा उपयोग संपला की तो काढून घ्यायचा. एवढे झाले तरच व्हिडिओ शिकवण्याच्या कामी येतो. नाहीतर तो नुसता साठून राहतो. हे काम स्वभावाने ग्रंथपालाचे आहे. पण त्यातला निम्मा भार शिक्षकालाच उचलावा लागतो, कारण त्या चाळीस मिनिटांत नेमके काय शिकवले आहे, हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नसते.

मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले आणि ज्यांनी कधी कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचा विचारही केला नव्हता, असे शिक्षक घरातल्या भिंतीला फळा टेकवून शिकवू लागले. त्या दोन वर्षांत मराठी मुलखातल्या महाविद्यालयांनी जेवढे व्हिडिओ तयार केले, तेवढे आधी कधीच झाले नव्हते. आज ते कुठे आहेत? काही शिक्षकांच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर आहेत, काही महाविद्यालयाच्या ड्राइव्हवरच्या कोणत्या तरी फोल्डरमध्ये, काही पेनड्राइव्हवर. ऑनलाइन मीटिंगचे कितीतरी रेकॉर्डिंग मुदत संपल्यावर आपोआप पुसले गेले. नॅकच्या मूल्यांकनाच्या फाइलीत मात्र लिंकांची यादी शाबूत असते. त्यातल्या किती आज उघडतात, हे कोणीही आपल्याच महाविद्यालयात तासभर बसून तपासू शकेल. तशी तपासणी जरूर करावी. या पुस्तिकेची गरज का पडली, ते या पानांपेक्षा त्या यादीतून लवकर कळेल.

शिकवणारे चित्र पडद्यावर आणण्याचा आपला अनुभव तसा जुना आहे. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला. त्यासाठी विद्यापीठांत माध्यम केंद्रे उभी राहिली. त्यांपैकी एक पुणे विद्यापीठात होते. २६ जानेवारी २००० रोजी ‘ज्ञानदर्शन’ वाहिनी आली, सप्टेंबर २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी बांधलेला ‘एज्युसॅट’ उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडला गेला. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘एनपीटीईएल’मधून आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने अभियांत्रिकीची व्याख्याने जगभर खुली केली. जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’ आणि त्याच्या जोडीला ‘स्वयम्प्रभा’च्या बत्तीस वाहिन्या सुरू झाल्या. त्या वाहिन्यांवर नवा कार्यक्रम त्याच दिवशी पुन्हा पुन्हा दाखवायचा अशी योजना होती, म्हणजे ज्याला सकाळी जमले नाही त्याला संध्याकाळी पाहता यावे.

या सगळ्या उपक्रमांत एक गोष्ट समान होती. शिकवणारा एक असे आणि जपणारा दुसरा. निर्माते, संकलक, तंत्रज्ञ, नोंदी ठेवणारे यांचा संच शिक्षकाच्या मागे उभा असे. आता प्रत्येक शिक्षकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि तो संच मात्र उरलेला नाही. विद्यापीठाचा स्वतःचा व्हिडिओ-मंच हवा तो यासाठी. मागे उभ्या असलेल्या त्या माणसांचे काही काम यंत्रावर सोपवता येते आणि उरलेले काम कोणाचे, हे नीट वाटून घेता येते.

असा मंच म्हणजे केवळ साठवणीची जागा नव्हे. काल्टुरा, पॅनोप्टो यांसारख्या विकत घ्यायच्या प्रणाली असोत किंवा अनेक विद्यापीठांनी मिळून घडवलेली ‘ओपनकास्ट’ ही मुक्त प्रणाली असो, आतली रचना साधारण सारखीच असते. शिक्षक एक फाइल चढवतो. मंच तिच्या तीन-चार आवृत्त्या काढतो, मोठ्या पडद्यासाठी एक, मोबाइलसाठी एक, अगदी कमजोर नेटसाठी एक. प्रत्येक आवृत्तीचे काही सेकंदांचे तुकडे करून ठेवतो आणि पाहणाऱ्याचे नेट जसे कमी-जास्त होईल तसा पुढचा तुकडा हलका किंवा भारी पाठवतो. विद्यार्थी आपल्या नेहमीच्या विद्यापीठ-लॉगिननेच आत येतो. मूडलसारख्या अध्यापन प्रणालीत तो व्हिडिओ त्या त्या घटकाच्या खाली बसवता येतो, म्हणजे मुलाला लिंक शोधत ग्रुपवर मागे मागे जावे लागत नाही.

तुकड्यांची ही व्यवस्था ऐकायला निव्वळ तांत्रिक वाटते, पण तिचा संबंध थेट मुलांच्या रिचार्जशी आहे. सेकंदाला पाच मेगाबिट या वेगाने पाठवलेला एक तासाचा व्हिडिओ सव्वादोन जीबी डेटा खातो. दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेल्या मुलाचा दिवस त्यात तास संपायच्या आत संपतो. तोच तास अर्ध्या मेगाबिटच्या आवृत्तीत सव्वादोनशे एमबीमध्ये बसतो. ड्राइव्हवरची फाइल जेव्हा मुले उतरवून घेतात, तेव्हा त्यांच्या वाट्याला बहुधा मूळ, अवजड फाइलच येते. निवड मंच करतो की विद्यार्थ्याचा खिसा, हा प्रश्न तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात फार मोठा आहे.

आता एकच व्हिडिओ जवळून पाहू. एफवाय बीएस्सीच्या रसायनशास्त्राचे प्रॅक्टिकल आहे. मॅडम टायट्रेशन करून दाखवत आहेत. शंकूपात्रात आम्ल, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, वर ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड. पात्राखाली पांढरी टाइल ठेवलेली आहे. थेंब पडतो, गुलाबी रंग चमकून जातो, पुन्हा थेंब, पुन्हा जातो, आणि एका थेंबाला तो फिका गुलाबी टिकून राहतो. तोच एंड पॉइंट. एक थेंब म्हणजे सुमारे ०.०५ मिली, आणि सगळे प्रॅक्टिकल त्या एका थेंबावर उभे असते. प्रयोगशाळेत पंचवीस मुलांच्या घोळक्यात मागे उभ्या असलेल्या मुलीला हा क्षण दिसत नाही. व्हिडिओत तो तिला हवा तितक्या वेळा पाहता येतो. व्हिडिओचे खरे मोल इथे आहे, आणि ते हातचे घालवणेही इथेच सर्वांत सोपे आहे.

पहिली गोष्ट रंगाची. व्हिडिओ दाबून लहान करताना रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते. एरवी हे डोळ्याला कळत नाही. पण पांढऱ्यावर फिका गुलाबी ही नेमकी अशी जागा आहे की हलक्या आवृत्तीत तो रंग धुऊन निघू शकतो. म्हणून व्हिडिओ चढवल्यावर मॅडमनी तो स्वतःच्या मोबाइलवर, सर्वांत हलक्या दर्जात, एकदा पाहिलाच पाहिजे. गुलाबी दिसत नसेल तर उपाय कॅमेरा जवळ नेण्याचा आहे, दर्जा वाढवण्याचा नाही. अख्ख्या टेबलाऐवजी फक्त पात्र आणि टाइल चौकटीत घेतली की तोच रंग हलक्या आवृत्तीतही टिकतो.

दुसरी गोष्ट नावाची. फोनने दिलेले फाइलचे नाव म्हणजे आकड्यांची ओळ असते. घाईत दिलेले नाव ‘प्रॅक्टिकल ३ फायनल न्यू’ असे असते. पुढच्या वर्षी प्रॅक्टिकलचा क्रम बदलला की त्यातला ३ खोटा ठरतो, आणि ‘फायनल’ तर दर वेळी खोटाच ठरतो. ‘आम्ल-अल्कली टायट्रेशन : फिनॉल्फ्थॅलीन वापरून एंड पॉइंट ओळखणे’ हे नाव दहा वर्षांनीही खरे राहील. क्रमांक, वर्ष, सेमिस्टर, विषयाचा कोड यांना मंचावर स्वतंत्र रकाने असतात. ते तिथे भरावेत. ग्रंथालयात पुस्तकाचे शीर्षक आणि दाखल नोंदवहीतला क्रमांक वेगळे का ठेवतात, हे प्रत्येक ग्रंथपाल जाणतो; इथेही कारण तेच आहे. खाली दोन ओळींचे वर्णन मराठीत आणि इंग्रजीत द्यावे. मुले शोधताना ‘titration’ हा शब्द रोमन लिपीत टाइप करतील की ‘टायट्रेशन’ असा देवनागरीत, याचा नेम नसतो, आणि शोध घेणारे यंत्र लिहिलेल्या अक्षरांवरच चालते.

तिसरी गोष्ट आतल्या खुणांची. ब्युरेट धुणे आणि भरणे, वाचन घेताना डोळा द्रवाच्या खालच्या कडेच्या पातळीत आणणे, थेंब-थेंब सोडणे, आकडेमोड. या चार जागी वेळेच्या खुणा टाकून ठेवल्या की परीक्षेच्या आदल्या रात्री मुलगी थेट हव्या त्या जागी जाते. इथे लांबीचा प्रश्न येतो. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरील अभ्यासक्रमांतल्या सुमारे ६९ लाख पाहण्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही मोठा असला तरी पाहणारे, मध्यक धरला तर, फार तर सहा मिनिटेच रमतात, असे त्यात दिसले. तेव्हापासून ‘सहा मिनिटे’ हा मंत्र झाला आहे. माझे मत वेगळे आहे. तो अभ्यास स्वेच्छेने येणाऱ्या-जाणाऱ्या जगभरच्या प्रेक्षकांचा होता. आपल्यासमोर परीक्षेला बसणारी, त्याच मॅडमच्या हाताखाली शिकणारी मुले आहेत. विषय जिथे नैसर्गिकपणे सुटतो तिथे व्हिडिओ तोडावा. सहा मिनिटे झाली म्हणून आकडेमोड अर्ध्यावर तोडणे हा मुलांवर अन्याय आहे.

चौथी गोष्ट सबटायटलची, आणि तिच्यावर मला जरा जास्त थांबायचे आहे. आपला विज्ञानाचा शिक्षक एका वाक्यात दोन भाषा बोलतो. ‘आता हे एन बाय टेन सोल्यूशन ब्युरेटमध्ये घ्यायचं आणि झिरोला अ‍ॅडजस्ट करायचं.’ हे वाक्य वर्गात सगळ्यांना लख्ख कळते. पण सबटायटल काढणाऱ्या यंत्राला भाषा इंग्रजी सांगितली तर मराठी शब्दांचा चुथडा होतो, मराठी सांगितली तर पारिभाषिक शब्द घसरतात. आणि ‘एन बाय टेन’ चुकले तर नुसता शब्द चुकत नाही, द्रावणाची तीव्रता चुकते. म्हणून यंत्राने काढलेले सबटायटल हा कच्चा खर्डा समजावा आणि विषय जाणणाऱ्याने तो एकदा वाचून दुरुस्त करावा. हे काम मुलांना प्रकल्प म्हणूनही देता येते. आपल्याच तासाचे शब्द दुरुस्त करताना विषयाची जी उजळणी होते, ती एरवी सांगून होत नाही.

सबटायटल हा सोयीचा दागिना नाही, तो हक्काचा भाग आहे. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सर्वांना वापरता येईल अशा रूपात असावा, हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. हे काम टाळत राहिले की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे आहे. बर्कलीने वर्षानुवर्षे आपली व्याख्याने रेकॉर्ड करून जगाला फुकट खुली केली होती. कर्णबधिरांसाठी प्रसिद्ध असलेल्या वॉशिंग्टनच्या गॅलोडेट विद्यापीठातील दोन कर्मचाऱ्यांनी तक्रार केली, की त्यांतली अनेक व्याख्याने त्यांना वापरताच येत नाहीत, कारण सबटायटल नाहीत किंवा आहेत ती चुकीची आहेत. अमेरिकेच्या न्याय खात्याने ऑगस्ट २०१६ मध्ये तक्रारीत तथ्य असल्याचे कळवले. विद्यापीठाने खर्चाचे कारण पुढे केले आणि मार्च २०१७ पासून वीस हजारांहून अधिक चित्रफिती व ध्वनिफिती लोकांसाठी बंद करून विद्यापीठाच्या लॉगिनमागे नेल्या. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये न्याय खात्याशी समझोता झाला आणि खुल्या साहित्याला सबटायटल देण्याचे बंधन विद्यापीठाने स्वीकारले.

त्या काळात पुष्कळांनी दोष तक्रार करणाऱ्यांना दिला. मला तो अगदी चुकीचा वाटतो. ज्यांना ऐकू येत नाही अशा लोकांनी ‘आम्हालाही शिकू द्या’ एवढेच म्हटले होते. व्याख्याने बंद झाली ती त्यांच्या मागणीमुळे नव्हे, वीस हजार फितींचे राहिलेले काम एकदम अंगावर आल्यामुळे. दर सत्रात त्या त्या वेळी शब्द दुरुस्त करत गेले असते तर हा ढीग साठलाच नसता. आपल्या महाविद्यालयांचे साठे अजून लहान आहेत. त्यामुळे ही सवय लावायला आत्ताची वेळ सर्वांत चांगली आहे.

बोलायचे शब्द रेकॉर्डिंगच्या आधीच लिहून ठेवले तर सबटायटलचे काम आपोआप होते. या आधी लिहिण्याचा फायदा किती मोठा असतो, हे पाहायला आपल्याला अमेरिकेत जावे लागत नाही. मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ तयार करतो. तिथे आधी संहिता लिहिली जाते. ती विषय अजिबात न जाणणाऱ्या नवख्या माणसाला देऊन तपासतात, आणि त्यानंतर रेकॉर्डिंग होते. संहिता वेळेच्या नोंदींसह हाताशी असल्यामुळे चित्र तेच ठेवून आवाज तेवढा मराठी, तमिळ, बंगाली असा बदलता येतो. एकदा काढलेला व्हिडिओ अशा रीतीने अनेक भाषांत शिकवू लागतो. शिवाय तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्याने कोणीही पुढे वाटू शकतो. मराठीतून तांत्रिक विषय शिकवू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही पद्धत एकदा बारकाईने पाहावी.

व्हिडिओ वाटण्याविषयी आपल्याकडे दोन टोके आहेत. काही जण सगळे यूट्यूबवर खुले टाकतात, काही जण काहीच देत नाहीत. मंचावर यांच्यामध्ये अनेक पायऱ्या असतात. फक्त स्वतःसाठी, फक्त या अभ्यासक्रमाच्या मुलांसाठी, अख्ख्या विद्यापीठासाठी, सर्वांसाठी. मुलांचे चेहरे, आवाज, नावे, त्यांनी अडखळत विचारलेले प्रश्न ज्यात आहेत, ते वर्गाचे रेकॉर्डिंग वर्गाबाहेर जाता कामा नये. एखाद्या मुलाची चूक जन्मभर इंटरनेटवर राहावी असे कोणत्याही शिक्षकाला वाटणार नाही. पुस्तकातली पाने, चित्रपटातला तुकडा, दुसऱ्याचे चित्र वापरले असेल तेव्हाही हीच मर्यादा बरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला सवलत देते, पण ती सवलत गृहीत धरून तोच व्हिडिओ साऱ्या जगाला वाटणे ही वेगळी गोष्ट झाली. ‘ज्याच्याकडे लिंक तो पाहील’ ही पायरी फसवी आहे. ग्रुपवरची लिंक पुढे जायला वेळ लागत नाही.

मात्र वरच्या टायट्रेशनसारखा, एक संकल्पना किंवा कृती नीट समजावणारा आणि स्वतःच्या साहित्यावर उभा असलेला व्हिडिओ सर्वांसाठी खुलाच असावा, असे मी ठामपणे म्हणेन. सरकारी पगारावर, सरकारी प्रयोगशाळेत तो झालेला असतो. गडचिरोलीतल्या महाविद्यालयात ती प्रयोगशाळा नसेल, तिथल्या मुलांनाही तो दिसला पाहिजे. एडिनबरा विद्यापीठाने २०१६ साली खुल्या शैक्षणिक साहित्याचे धोरण लेखी स्वीकारले आणि त्याच वर्षी ‘मीडिया हॉपर’ हा आपला व्हिडिओ-मंच शिक्षक आणि विद्यार्थी दोघांसाठी सुरू केला. धोरण आणि साधन बरोबर आले की शिक्षकाला दर वेळी परवानगीसाठी ताटकळावे लागत नाही.

राहिला मालकीचा आणि मुदतीचा भाग, जो सगळ्यांत दुर्लक्षित आहे. सर निवृत्त होतात, त्यांचे विद्यापीठाचे खाते बंद होते, आणि त्यांच्या नावावरचे सगळे तास त्याच दिवशी नाहीसे होतात. हे टाळायला फक्त एवढेच करायचे, की प्रत्येक व्हिडिओला शिक्षकाबरोबर विभागाचे खातेही सहमालक म्हणून जोडायचे. पुढे त्या व्हिडिओचा वापर कोणत्या अटींवर होईल, शिक्षकाचे नाव कसे राहील, त्याला तो सोबत नेता येईल का, हे महाविद्यालयाने आधीच लेखी ठरवावे. भांडण लागल्यावर ठरवू नये. अभ्यासक्रम बदलला तर नवा व्हिडिओ वेगळा चढवण्याऐवजी जुन्याच्या जागी बसवावा. चांगल्या मंचावर लिंक तीच राहते आणि आतली फाइल बदलते, त्यामुळे मूडलवर, पुस्तिकेत, मुलांच्या जर्नलमध्ये लिहिलेला पत्ता खोटा पडत नाही. आणि दर वर्षी मे महिन्यात विभागाने बसून ठेवायचे काय, काढायचे काय, हे ठरवावे. जागा फुकट आणि अमर्याद आहे, या भरवशावर राहू नये. शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद जागा बंद करण्याचे गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केले आणि २०२२ पासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा घातली. त्या वेळी जगभरच्या विद्यापीठांना घाईघाईने साठा उपसावा लागला.

ही पुस्तिका कोणत्याही एका प्रणालीची बटणे शिकवत नाही. बटणे दर वर्षी बदलतात. ज्यांच्या महाविद्यालयात अजून मंचच नाही, त्यांनाही नाव, वर्णन, खुणा, सबटायटल आणि मालकी यांवरची पहिली पाच प्रकरणे ड्राइव्हच्या साध्या फोल्डरवर वापरता येतील. पुढे मंच आला की तेच रकाने तिकडे जसेच्या तसे नेता येतात. प्राचार्यांनी आणि ग्रंथपालांनी मात्र सुरुवात सातव्या प्रकरणापासून करावी, कारण परवानग्या, विद्यार्थ्यांची संमती आणि मुदत यांचे निर्णय शिक्षक एकटा घेऊ शकत नाही. शेवटी जोडलेले नोंदीचे तक्ते, संमतीपत्राचा नमुना आणि मे महिन्यातल्या तपासणीची यादी यांवर कोणाचाही हक्क राखून ठेवलेला नाही. त्यांवर आपल्या महाविद्यालयाचे नाव घालावे, गरजेप्रमाणे रकाने वाढवावेत आणि येत्या सत्रात पहिला व्हिडिओ चढवण्याआधी त्यांच्या प्रती विभागात वाटाव्यात.